आज्जीच्या ओव्या आणि बंद पडलेलं रूट

आत्तीनं फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दिला. जुलै महिना होता, २०२४ चा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडं आमच्या गावात पावसाळ्यात कागदपत्रं, काडेपेटी, मोबाईल सगळं पिशवीतच असतं. "ह्यात आज्जीच्या ओव्या आहेत की रे," ती म्हणाली. "ॲप उघडेना झालंय. तूच काय ते बघ."

२०२० च्या मार्चमध्ये आत्ती चार दिवस म्हणून माहेरी आली आणि लॉकडाऊनमुळं तीन महिने अडकली. त्या दिवसांत आज्जी पहाटे जात्यावर बसली की आत्ती फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड करायची. पंढरीच्या विठोबाच्या ओव्या, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या ओव्या, मलप्रभेला पूर आल्याच्या ओव्या. मराठी बोलता बोलता मध्येच एखादी ओळ कन्नडमध्ये जायची आणि परत यायची, आमच्या भागात जसं घराघरांत बोलतात तसंच. आज्जी २०२३ मध्ये गेली. दुसरीकडं कुठंही तिचा आवाज नाही.

रेकॉर्डिंग ज्या ॲपमध्ये होतं ते चालवणाऱ्यांनी सेवाच बंद केली होती. उघडलं की लॉगिनचा पडदा, पासवर्ड टाकला की नुसतं चक्र फिरत राहतं. गॅलरीत काही नाही, फाइल मॅनेजरमध्ये काही नाही. कारण ते ॲप आपल्या फाइली स्वतःच्या खासगी फोल्डरात ठेवत होतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र लिनक्स वापरकर्त्यासारखा क्रमांक मिळतो आणि एकाच्या खोलीत दुसऱ्याला डोकावता येत नाही. फोन सुरक्षित राहतो तो याच नियमामुळं, म्हणून मला त्या नियमाबद्दल तक्रार नाही. पण त्या खोलीत आज्जी होती. एडीबीनं, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलनं फोनला आज्ञा द्यायच्या साधनानं, बॅकअप घेऊन पाहिला, जवळजवळ रिकामी फाइल आली. ॲप बनवणाऱ्यांनी बॅकअपला मनाई केलेली होती. तात्पुरती रिकव्हरी, म्हणजे फोन दुरुस्तीची छोटी वेगळी यंत्रणा, चालवून पाहिली, तर एन्क्रिप्शन न उलगडल्यामुळं फाइलींची नावं अगम्य अक्षरांच्या माळा दिसत होत्या.

राहिला एकच मार्ग, रूट, म्हणजे फोनमधली कुठलीही खोली उघडणारा सगळ्यात वरचा अधिकार. आणि तो या फोनला मीच २०२० च्या सुरुवातीला, लॉकडाऊनच्या आधी करून दिला होता. फोनमध्ये आधीपासून भरलेली जाहिरातींची ॲपं काढायला. त्यामुळं मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. गावच्या तीन फेऱ्या झाल्या.

रूट कसं चालतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी २०१४ च्या सुमारास पहिला फोन रूट केला तेव्हा त्यासाठी सुपरएसयू नावाचं ॲप होतं, चेनफायर या टोपणनावाच्या डेव्हलपरचं. त्या काळात रूट म्हणजे सिस्टम विभागातच 'सू' नावाची, हा अधिकार मागायची छोटी फाइल ठेवणं. २०१६ मध्ये जॉन वू या तैवानच्या तरुणानं मॅजिस्क आणलं आणि पद्धत बदलली. मॅजिस्क सिस्टम विभागाला हात लावत नाही. ते बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन चालू करणाऱ्या मूळ फाइलीत बसतं, फोन चालू होताना सगळ्यांच्या आधी जागं होतं आणि मागं एक डीमन, म्हणजे सतत जागा असणारा राखणदार, चालू ठेवतं. एखाद्या ॲपनं रूट मागितलं की हा राखणदार आपल्या वहीत, म्हणजे एका छोट्या डेटाबेसमध्ये, बघतो. आधीचा निर्णय लिहिलेला असेल तर तो लागू करतो. नसेल तर मॅजिस्क ॲपला हाक मारतो आणि ते पडद्यावर विचारतं, परवानगी द्यायची का? दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर नकार.

म्हणजे बूट इमेज, राखणदार, वही आणि विचारणारं ॲप अशा चार वेगळ्या गोष्टी आहेत. लोक ॲपकडं बघून म्हणतात 'रूट बिघडलं', पण बिघाड चारपैकी कुठं आहे ते शोधल्याशिवाय हात लावू नये. आत्तीच्या फोनमध्ये चारही ठिकाणी काही ना काही होतं.

फोनमध्ये दोन मॅजिस्क निघाले. एक मी २०२० मध्ये लपवलेलं. बँकेच्या ॲपला दिसू नये म्हणून मॅजिस्क वेगळ्या नावानं बसवता येतं, मी त्याला 'हिशोब' नाव दिलं होतं आणि विसरलो होतो. दुसरं आत्तीच्या मुलानं कुठल्याशा वेबसाइटवरून उतरवलेलं. दोन्ही उघडली, दोन्हींत तेच उत्तर: मॅजिस्क बसवलेलं नाही.

इथं बहुतेक जण ॲप काढतात, परत टाकतात, परत काढतात. मी आधी लॅपटॉप जोडला, एडीबी शेल, म्हणजे फोनला आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं आणि 'सू' टाइप केलं. उत्तर आलं, 'नॉट फाउंड'. या दोन शब्दांत निम्मं निदान झालं. 'परमिशन डिनाइड' आलं असतं तर राखणदार जागा आहे पण नाही म्हणतोय असा अर्थ. 'नॉट फाउंड' म्हणजे राखणदारच नाही. मग ॲपशी खेळून उपयोग नाही, दुखणं बूट इमेजमध्ये.

आत्तीला विचारलं, "मध्ये कधी अपडेट केलंस काय?"

"रोज विचारत होता मेला. एकदा हो म्हटलं."

झालं होतं ते असं. २०२१ मध्ये फोननं अँड्रॉइड १० ची पूर्ण अपडेट घेतली, बूट विभाग नव्यानं लिहिला आणि त्यात बसलेलं मॅजिस्क पुसलं गेलं. तिची यात काहीच चूक नाही. अपडेट घेणं योग्यच असतं. मी रूट करून दिलं तेव्हाच तिला हे सांगायला हवं होतं.

एक जमेची बाजू होती. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठली बूट इमेज चालवू द्यायची ते ठरवणारं कुलूप, अजून उघडा होता. बूटलोडर उघडताना फोन सगळा डेटा पुसतो, त्यामुळं तो बंद असता तर ओव्यांची आशाच सोडावी लागली असती. हे ज्यांना माहीत नाही ते 'आधी अनलॉक करू, मग फाइली काढू' म्हणतात आणि फाइली तिथंच संपतात. कुणाच्या फोनमध्ये असं काही मोलाचं अडकलं असेल तर ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

आता फोनमध्ये जी आवृत्ती चालू आहे नेमकी तीच बूट इमेज हवी. जवळपासची चालत नाही. बिल्ड क्रमांकाचं एक अक्षर वेगळं असलं तरी वायफाय बंद पडतं, टच चालत नाही किंवा फोन लोगोवर अडकतो. सेटिंगमधून बिल्ड क्रमांक वहीत उतरवून घेतला, एकेक अक्षर आत्तीकडून वाचून घेऊन ताडलं. ती ज्यात असते ते पूर्ण फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं फोनचं मूळ सॉफ्टवेअर, दोन जीबीच्या वर. गावात रेंज यायला देवळाच्या कट्ट्यावर जावं लागतं, त्यात पाऊस. तेव्हा सोमवारी बेळगावला कामावर परतलो. उद्यमबागेत मी मशीन शॉपमध्ये आहे. सुटी झाल्यावर शहापूरला मित्राच्या घरी बसून फर्मवेअर उतरवलं, त्यातून बूट इमेज बाहेर काढली आणि डाउनलोड पुरतं झालंय का ते चेकसमनं, म्हणजे फाइलीच्या ठशासारख्या आकड्यानं पडताळलं. मॅजिस्क त्याच्या अधिकृत गिटहब पानावरून घेतलं. प्ले स्टोअरवर ते नाही, आणि 'ऑफिशियल' म्हणवणाऱ्या ज्या वेबसाइट शोधात वर येतात त्या त्याच्या नाहीत. ज्या ॲपच्या हाती फोनची सगळी किल्ली द्यायची ते असल्या ठिकाणाहून घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

त्याचा प्रत्यय दुसऱ्या फेरीत लगेच आला. खरं मॅजिस्क बसेना, नुसतं 'ॲप इन्स्टॉल झालं नाही'. कारण आतेभावानं टाकलेल्या ॲपचं नाव तेच पण बनवणाऱ्याची डिजिटल सही वेगळी, आणि अँड्रॉइड सही जुळल्याशिवाय एकावर दुसरं बसू देत नाही. ते काढलं. 'हिशोब'ही काढलं. २०२० चा तो मॅनेजर नव्या मॅजिस्कबरोबर चालणारा नव्हता. २०२१ मध्ये २२ व्या आवृत्तीपासून मॅनेजर हे नाव जाऊन ॲप आणि इन्स्टॉलर एकच फाइल झाली, आणि २०२२ मध्ये २४ व्या आवृत्तीत मॅजिस्कहाइड, म्हणजे इतर ॲपांपासून रूट लपवायची सोय, गेलं. जुन्या पाठांतरावर नवा फोन दुरुस्त होत नाही.

नव्या ॲपच्या पहिल्या पानावर 'रॅमडिस्क: हो' असं दिसलं, म्हणजे बूट इमेजच पॅच करायची, म्हणजे तिच्यात मॅजिस्क बसवायचं, रिकव्हरीची नाही. बूट इमेज फोनमध्ये टाकली, मॅजिस्ककडून पॅच करून घेतली आणि एडीबीनं परत लॅपटॉपवर ओढली.

इथं मी जो निर्णय घेतला त्यामुळं पुढचं सगळं निभावलं. पॅच केलेली इमेज मी फोनमध्ये लिहिली नाही. फास्टबूटमध्ये, म्हणजे फोन पुरता चालू व्हायच्या आधी केबलवरून आज्ञा द्यायच्या सोयीत, इमेज कायमची लिहिणारं 'फ्लॅश' असतं तसं 'बूट' पण असतं. 'बूट' म्हटलं की ती इमेज फक्त त्या एका वेळेपुरती मेमरीतून चालते, फोनवर काहीच लिहिलं जात नाही. सगळे फोन हे मानत नाहीत, हा मानत होता. मला रूट कायमचं नकोच होतं. एकदा दार उघडून फाइली घ्यायच्या होत्या.

केबल लावली, आज्ञा दिली, फोन चालू झाला आणि लोगोवर थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत्ती चुलीपाशी बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काहीच बोललो नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं, फोन बंद झाला, चालू केला, आणि पहिल्यासारखा नीट सुरू झाला. मेमरीतली इमेज गेली, मूळ बूट जागेवरच होतं. फ्लॅश केलं असतं तर त्या क्षणी माझ्या हातात लोगोवर अडकलेला फोन असता आणि घाबरून फॅक्टरी रीसेट करायचा मोह झाला असता.

अडकण्याचं कारण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. २०२० मध्ये मी मॅजिस्कला दोन मॉड्यूल, म्हणजे जोड-प्रोग्राम, टाकले होते, एक जाहिराती रोखणारं आणि एक आवाज वाढवणारं. अपडेटनं बूट विभाग पुसला, पण मॉड्यूल डेटा विभागात असतात आणि डेटाला अपडेट हात लावत नाही. तीन वर्षं ते झोपून होते. मॅजिस्क जागं झालं तसे तेही जागे झाले आणि अँड्रॉइड ९ साठी लिहिलेलं मॉड्यूल १० मध्ये अडकलं.

यावर दोन उपाय आहेत. फोन सेफ मोडमध्ये चालू केला की मॅजिस्क सगळे मॉड्यूल आपणहून बंद करतं. दुसरा एडीबीचा: 'वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स'. लॅपटॉपवर ही आज्ञा आधीच देऊन ठेवायची, फोन लोगोवर असतानाच एडीबी जागं होतं, त्या क्षणी ती आत जाते, मॉड्यूल काढते आणि फोन रीबूट करते. त्यासाठी त्या लॅपटॉपला 'नेहमी परवानगी' आधी दिलेली असावी लागते, लोगोवर असताना ती देता येत नाही. माझी दिलेली होती. सकाळी परत तात्पुरतं बूट केलं, आज्ञा आत गेली, फोन आपोआप बंद होऊन चालू झाला. रीबूट झालं म्हणजे तात्पुरतं बूट गेलं, रूटही गेलं, पण मॉड्यूलही गेले. तिसऱ्यांदा बूट केलं आणि फोन सरळ होमपर्यंत पोचला. मॅजिस्कमध्ये आवृत्तीचा आकडा दिसला. 'अतिरिक्त तयारी करायची आहे, नंतर फोन रीबूट होईल' असं विचारलं, ते करू दिलं आणि चौथ्यांदा बूट केलं.

आता एडीबी शेलमध्ये 'सू'. लगेच उत्तर, 'परमिशन डिनाइड'. मला बरंच वाटलं. राखणदार जागा झाला होता, फक्त नाही म्हणत होता. पण पडद्यावर काहीच न विचारता नाही म्हणत होता, म्हणजे उत्तर वहीत आधीच लिहिलेलं असणार. मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये 'सुपरयुझर ॲक्सेस' म्हणून एक ओळ असते: बंद, फक्त ॲप, फक्त एडीबी, किंवा दोन्ही. मी २०२० मध्ये 'फक्त ॲप' ठेवलं होतं, कुणी केबल लावून फोनमध्ये शिरू नये म्हणून. ॲप काढून नवं टाकलं तरी ही सेटिंग गेली नव्हती, कारण ती ॲपमध्ये नसते, राखणदाराच्या वहीत असते, आणि वहीसुद्धा डेटा विभागातच. 'ॲप आणि एडीबी' केलं.

पुन्हा 'सू'. आता दहा सेकंद शांतता आणि मग नकार. हा नकार वेगळा, वेळ संपल्याचा. ॲपच्या लॉगमध्ये बघितलं तर शेलची मागणी आणि नकार दोन्हींची नोंद होती. म्हणजे राखणदारानं हाक मारली, पण विचारणारी खिडकी पडद्यावर आलीच नाही. फोनच्या कंपनीनं घातलेल्या आवरणात प्रत्येक ॲपसाठी 'मागं चालत असताना खिडकी दाखवणे' अशी वेगळी परवानगी असते आणि नव्या ॲपला ती मुळात बंद. ती दिली, बॅटरी बचतीतून मॅजिस्कला वगळलं आणि उत्तराची मुदत दहावरून साठ सेकंद केली.

खिडकी आली. 'शेल'ला परवानगी द्यायची का? मी 'ग्रँट' दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. बोट पुसून दाबलं. खाली एक ओळ चमकून जात होती, ती वाचायच्या आत नाहीशी व्हायची. टच बिघडला म्हणावं तर बाकी सगळीकडं नीट चालत होता. साठ सेकंद संपले, नकार. तिसऱ्या वेळी मी काहीच न दाबता डोळे त्या जागेवर ठेवले, एकदाच दाबलं आणि ओळ वाचली. अर्थ असा होता: दुसरं कुठलं तरी ॲप या खिडकीवर पसरलेलं आहे, म्हणून तुमचं उत्तर खात्रीचं धरता येत नाही.

पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं. मग लक्षात आलं, फोन सुरुवातीपासून पिवळसर दिसत होता. मी समजत होतो जुना पडदा आहे.

"आत्ती, हे पिवळं काय आहे?"

"डोळ्याला त्रास होतोय म्हणून टाकलंय की. रात्री ओव्या लिहून काढत बसते तेव्हा बरं पडतं."

डोळ्यांसाठी तिनं एक फिल्टरचं ॲप टाकलं होतं. तसली ॲपं साऱ्या पडद्यावर एक पातळ पारदर्शक थर अंथरतात. त्याच युक्तीनं एखादं लबाड ॲप खोटं बटण दाखवून खालच्या 'ग्रँट'वर तुमचं बोट पाडू शकतं, म्हणून मॅजिस्क झाकलेल्या खिडकीवरचा स्पर्श मानतच नाही. संरक्षण अगदी योग्य आहे. ते सेटिंगमधून बंद करता येतं, पण मी केलं नाही. फिल्टर बंद केला, पडदा पांढरा झाला, 'ग्रँट' एका स्पर्शात लागलं आणि शेलमधलं डॉलरचं चिन्ह जाऊन हॅशचं चिन्ह आलं. चार दिवस ज्या चिन्हाची वाट बघत होतो ते आलं तेव्हा आधी मी आत्तीला हाक मारली.

पुढचं काम सोपं, पण घाई करायची नव्हती. रूट असलेल्या शेलला कुणी अडवत नाही, चुकीच्या फोल्डरवर चुकीची आज्ञा गेली तर विचारतसुद्धा नाही. फाइली हलवल्या नाहीत, पुसल्या नाहीत, फक्त नक्कल घेतली, आणि तीही टार करून, म्हणजे सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधून. टारमध्ये प्रत्येक फाइलची मूळ तारीख टिकते. एप्रिल २०२० मधली कुठली ओवी आधीची आणि कुठली नंतरची हे आता फक्त त्या तारखांवरूनच कळणार होतं. एकूण त्रेचाळीस फाइली निघाल्या, नावांच्या जागी नुसते आकडे. लॅपटॉपवर एक वाजवून बघितली आणि खोलीत जात्याची घरघर भरली.

त्याच संध्याकाळी तीन नकला केल्या. एक पेनड्राइव्हवर आत्तीच्या ट्रंकेत, एक माझ्याकडं, एक शहापूरच्या मित्राकडं. मग फोन बंद करून चालू केला. तात्पुरतं बूट गेलं, रूट गेलं, मॅजिस्कचं ॲप मी काढून टाकलं. आत्ती याच फोनवर पैसे पाठवते, त्यात रूट ठेवायचं काही कारण नव्हतं.

आत्ती रात्री कंदिलापाशी वही घेऊन बसली. लाईट गेलेली, लॅपटॉपला बॅटरी होती. ती एकेक ऐकून ओव्या लिहून काढते, कन्नड शब्द आला की थांबवायला सांगते आणि तो मराठी अक्षरांत लिहिते. एकतिसाव्या फाइलमध्ये काहीच नव्हतं, आठ सेकंद फक्त जातं आणि शेवटी आज्जीचा खोकला. चुकून बटण दाबलं गेलं असणार. मी विचारलं, ही काढून टाकू काय?

"नको," ती म्हणाली, "परत लाव."

मी परत लावली.